रेषेचें इमान

यंत्र हातीं आलें म्हणजे मनुष्याचें कसब जातें, हा आक्षेप आपण वारंवार ऐकतों. तो फार मोघम आहे. एखाद्या विशिष्ट यंत्रावर घासून पाहिल्याखेरीज त्यांतील खरेंखोटें कळावयाचें नाहीं. आम्ही त्यासाठीं जिगसॉ ही विजेवर चालणारी लहानशी करवत घेतों. शिवणाच्या यंत्रांतील सुई काढून तेथें करवतीचें पातें बसवावें, ही कल्पना स्वित्झर्लंडांतील सिंटिला कंपनीचे अभियंते आल्बर्ट कौफमान यांस सुचली, आणि १९४७ सालीं ही हातांत धरावयाची करवत बाजारांत आली.

हातकरवतीचें पान रुंद असतें. एकदां लाकडांत शिरलें कीं तें सहसा सरळच जातें. वाकडें नेऊं पाहणाऱ्या हातास तें स्वतःच अडवितें. जिगसॉचें अरुंद पातें मात्र वळवावें तिकडे वळतें. कमान किंवा वेलबुट्टी कापावयास याहून सोयीचें हत्यार घरांत सांपडणार नाहीं. परंतु हें पातें केवळ वरच्या टोकास धरलेलें असतें, खालचें टोक मोकळें. जाड सागवानांत वळण घेतांना घाईनें यंत्र रेटलें, कीं पातें आंतल्या आंत लवतें. वरून पाहावें तर काप रेषेवरून तंतोतंत गेलेला. आणि फळी उलटून गुण्या लावावा तर कड तिरकी!

खरा प्रश्न येथें उभा राहतो. वरची रेषा सांभाळली, एवढ्यानें काम प्रामाणिक झालें काय? ती कड आंत जाणार, ती कोण पाहतो, असें म्हणणारा मनुष्य खोटें बोलत नाहीं. तथापि तिरकी कड सांध्यांत नीट बसत नाहीं. तेथें सरस भरला जातो, आणि लाकडानें पेलावयाचा भार सरसावर पडतो. उद्यां त्या फडताळाला लोंबकळणाऱ्या मुलास ही गोष्ट कोणीं सांगितलेली नसते. आम्ही यासच अप्रामाणिकपणा म्हणतों, मग करणाऱ्याचा हेतु कितीही निर्मळ असो.

बहुतेक पात्यांचे दाते वरच्या दिशेस असतात व वर येतांना कापतात. त्यामुळें फळीच्या वरच्या अंगाचे पापुद्रे उचकटतात. प्लायवूडवर हें विशेष दिसतें. जाणता सुतार म्हणून चांगली बाजू खालीं ठेवतो आणि आंखणी मागच्या बाजूवर करतो. जी बाजू काम करतांना दिसत नाहीं तिचीच काळजी घ्यावयाची, ही रीत आम्हांस फार आवडते.

विकत घेतांना लोक मोटारीची शक्ति विचारतात. आमच्या मतें पात्यास मागून टेकू देणारें चाक डगमगतें काय, पाया काटकोनांत स्थिर राहतो काय व वेग कमी करतां येतो काय, हें आधीं पाहावें. पातें पुढेंमागें हालविण्याची योजना असल्यास काम झपाट्यानें उरकतें, पण काप खडबडीत होतो. नाजूक वळणास ती बंद ठेवावी. जाड लाकडास विरळ दाते, प्लायवूडला बारीक. पातें बदलण्यापूर्वीं विजेची जोडणी काढावी, हें सांगावयास नको, तरी सांगतों.

मग कसबाचें काय? दंडाचा जोर लागेनासा झाला, हें खरें; त्याच्या जागीं न रेटण्याचा संयम लागतो, आणि तो अधिक दुर्मिळ आहे. जाड फळी रेषेच्या किंचित् बाहेरून कापून उरलेलें लाकूड रंध्यानें अथवा कानशीनें गुण्यास मिळवून घेणें अजूनही सुटलेलें नाहीं. ज्यांस तेवढी सवड नसेल त्यांनीं जाड लाकूड या करवतीनें कापूंच नये. वखारींत पट्ट्याची करवत असते, तेथून कापून आणावें.