वाटेवरची घरे आणि वानप्रस्थाचा प्रश्न

संसाराची जबाबदारी उरकल्यावर माणसाने डोंगर गाठावा की घर धरून राहावे, हा हिंदू धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. शास्त्राने त्याला वानप्रस्थ असे नाव दिले. महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत हा प्रश्न आज वेगळ्या वेशात भेटतो. मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेला, निवृत्तीनंतरही अंगात धमक असलेला गिर्यारोहक स्वतःची गाडी काढतो आणि मुंबई-गोवा महामार्गाने महाडला येतो. एकाच फेरीत तो दोन कामे करतो. एक लिंगाण्याच्या सुळक्यासारखी दोर लावून करायची चढाई, आणि दुसरे भावकी, मावशी-आत्या, लेकीचे सासर अशा घरांच्या भेटी. या गावांतली कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला राहिली आणि गणपतीला, शिमग्याला गावी आली. त्यामुळे कड्याकडे जाणारी वाट आणि घराकडे जाणारी वाट इथे बरीचशी एकच असते. प्रश्न एवढाच, की या फेरीला वानप्रस्थाची सुरुवात म्हणायचे की गृहस्थाश्रमाचीच लांबलेली सुट्टी?

मनुस्मृतीचा सहावा अध्याय याबाबत नेमका आहे. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने अरण्याचा आश्रय घ्यावा. गावातले अन्न आणि घरातले सामानसुमान सोडावे. बायकोला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे. पुढची दिनचर्या कडक आहे: उन्हाळ्यात पंचाग्नीत बसायचे, पावसात उघड्यावर राहायचे, थंडीत ओली वस्त्रे नेसायची. देह असा हळूहळू झिजवायचा आणि शेवटी ईशान्येची वाट धरून, पाणी आणि वाऱ्यावर राहत, तो पडेपर्यंत चालायचे. गिर्यारोहक देह जपतो. हार्नेसचा पट्टा दोनदा तपासतो, गुडघ्यांसाठी वर्षभर व्यायाम करतो. हेतूंमधला हा फरक मोठा आहे. कोणी लिंगाण्याला ‘आमचा वानप्रस्थ’ म्हणत असेल तर ते कौतुकाने म्हटले आहे, शास्त्राने नव्हे.

मात्र शास्त्रही वाटते तितके एकसुरी नाही. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ, संन्यास या आयुष्याच्या चार पायऱ्या आहेत ही समजूत रूढ झाली ती नंतर. गौतम, आपस्तंब यांच्या जुन्या धर्मसूत्रांत हे आश्रम प्रौढ माणसाने निवडायचे पर्याय म्हणून येतात: एकाने घर मांडावे, दुसऱ्याने वनात जावे, दोघांनीही जन्मभर तेच करावे. गौतमाने तर खरा आश्रम एकच, गृहस्थाचा, असे मत आचार्यांच्या नावावर नोंदवले आहे. हे पर्याय वयाच्या क्रमाने लावण्याचे काम मनूने पक्के केले. पुढे मध्ययुगीन ग्रंथकारांनी कलियुगात वर्ज्य असलेल्या आचारांच्या याद्या केल्या, आणि त्यांत खुद्द वानप्रस्थच जाऊन बसला. म्हणजे ज्या व्यवस्थेचा आदर्श म्हणून आजही दाखला दिला जातो, ती धर्मशास्त्रानेच कित्येक शतकांपूर्वी बंद केली होती. या साऱ्या वचनांचा पसारा पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात मांडून ठेवला आहे.

या याद्यांतली आणखी एक बंदी कड्यांच्या मुलखात लक्षात घेण्यासारखी आहे. अतिवृद्ध किंवा असाध्य रोगाने ग्रासलेल्या माणसाने उंच कड्यावरून उडी घेऊन देह ठेवणे, म्हणजे भृगुपतन, हा एकेकाळी मान्य धार्मिक मृत्यू होता. कलियुगासाठी तोही वर्ज्य ठरला. म्हातारपण आणि कडा यांचे नाते जुन्या विचारात होते, पण ते खाली जाण्याचे होते. साठीनंतर कडा चढायला घेणारा माणूस त्या विचाराला ठाऊकच नव्हता.

महाडमध्ये बसून मनूचा सहावा अध्याय वाचताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले असल्याचे ते पिऊन दाखवले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच गावात मनुस्मृतीचे दहन झाले. वानप्रस्थाचा आदर्श मोहक वाटतो, पण तो सर्वांसाठी नव्हता. शूद्राला गृहस्थाश्रम तेवढाच, असे अनेक शास्त्रकारांचे म्हणणे. स्त्रीचा वानप्रस्थ तिच्या नवऱ्याच्या निर्णयाची पुरवणी. ज्याला तळ्यावर जाता येत नव्हते त्याला वनात जाण्याचा अधिकार कोण देणार होते? म्हणून निवृत्तीनंतरच्या भटकंतीला मनूचे नाव देणे या गावात तरी विचार करूनच करावे लागते.

मनूपेक्षा महाभारत या प्रश्नाला अधिक जवळून भिडते. युद्धानंतर पंधरा वर्षे धृतराष्ट्र हस्तिनापुरात पांडवांच्या आश्रयाने राहतो आणि मग वनात जायचे ठरवतो. तो परस्पर निघून जात नाही. युधिष्ठिराकडे परवानगी मागतो. युधिष्ठिर आढेवेढे घेतो आणि व्यासांनी सांगितल्यावरच ती देतो. गांधारी, कुंती, विदुर आणि संजय बरोबर जातात. नंतर पांडवांना राहवत नाही. ते बायकामुले आणि नगरजन घेऊन आश्रमात भेटीला जातात, तिथे मुक्काम करतात. वनात गेलेल्यांशी घरच्यांची गाठभेट चालते, यात ग्रंथाला काही वावगे वाटत नाही. ही सवलत संन्याशाला नव्हती. संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने आळंदीला परतलेल्या विठ्ठलपंतांना आणि त्यांच्या मुलांना समाजाने काय भोगायला लावले, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. वानप्रस्थाची वाट दोन्ही बाजूंनी चालती होती, संन्यासाची एकाच बाजूने.

महाड परिसरातल्या वैराग्याच्या खुणाही घरापासून फार लांब नाहीत. महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले लेणी आहेत. त्यांतल्या एका लेखात काणभोज कुळातल्या विष्णुपालित या कुमाराच्या दानाची नोंद आहे. घर सोडलेल्या भिक्खूंनी आपली वस्ती व्यापाराच्या वाटेवर, भिक्षेला जाता येईल इतक्या अंतरावर केली, आणि ती कोरण्याचा खर्च राजकुळाने आणि गृहस्थांनी उचलला. वरंध घाटाच्या पायथ्याची शिवथरघळ तर दासबोधाचे जन्मस्थान मानली जाते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. पावसाळ्यात तोंडावर धबधबा कोसळणाऱ्या या घळीत बसून समर्थ रामदासांनी सांगितले ते काय, तर आधी प्रपंच नीट करावा आणि मग परमार्थाकडे वळावे. सांगणारे स्वतः लग्नाच्या बोहल्यावरून पळालेले, ही गंमत सोडून देता येत नाही. पण परंपरा असेही सांगते की अनेक वर्षांनी ते जांब या आपल्या गावी आईच्या भेटीला गेले.

कड्यांच्या दोन कथा या मुलखाच्या अगदी तोंडावर असतात. पहिली हिरकणीची. कोजागिरीला रायगडावर दूध घालायला आलेली गवळण दरवाजे बंद झाल्यावर अडकते आणि घरी राहिलेल्या तान्ह्या मुलासाठी रात्री कडा उतरून जाते. आख्यायिकेला कागदोपत्री आधार नाही, पण बुरूज तिच्या नावाने उभा आहे. दुसरी तानाजी मालुसऱ्यांची. पोलादपूरजवळच्या उमरठला त्यांची समाधी आहे. पोवाड्यांची परंपरा सांगते, की मुलाचे लग्न बाजूला ठेवून ते कोंढाण्यावर गेले आणि १६७० च्या त्या रात्री वृद्ध शेलारमामाही सोबत होते. एक कथा घरासाठी कडा उतरण्याची, दुसरी घर मागे ठेवून कडा चढण्याची, आणि त्यातही मामा घरातलाच. वैराग्यासाठी कडा चढल्याची कथा मात्र इथे कोणी आवर्जून सांगत नाही. लोकांच्या मनात कडा आणि घर हे एकमेकांचे शत्रू नाहीत.

खरी अडचण धोक्याची आहे. लिंगाणा हा रायगडाच्या पूर्वेला उभा असलेला सुळका. शिवकाळात त्याचा उपयोग कैद्यांसाठी होत असे. जुन्या कोरीव पायऱ्या इंग्रजांनी उद्ध्वस्त केल्यावर दोराशिवाय वर जाणे उरले नाही. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. काही थर घट्ट, काही भुसभुशीत. दिवाळीनंतर अरुंद टप्प्यांवरचे गवत वाळते आणि त्याखाली सुटा दगड आहे की पक्का, हे पाय ठेवल्यावरच कळते. म्हणून अनुभवी माणूस हाताच्या पकडीवर आधी थोपटतो, आवाज पोकळ आला की सोडून देतो, आणि मगच भार टाकतो. खाली बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याला दोराने सांभाळणारा साथीदार, दोर हातात धरून, मान वर करून उभा असतो. वरचा माणूस मागेल तसा तो दोर सोडतो, वरचा घसरला तर आवळतो. दोघांतला संवाद दोन-तीन शब्दांपलीकडे जात नाही.

हे दृश्य वैराग्याच्या भाषेत बसवायला जाणाऱ्याची पंचाईत करते. चढणारा एकटा दिसतो, पण त्याचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो. पडल्यास खाली उतरवायला गावकरी आणि बचाव पथके धावतात, इस्पितळात घरचे रात्र काढतात. ‘माझे आयुष्य, माझी मर्जी’ हे म्हणणे कड्यावर टिकत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात संन्यासापेक्षा कर्मयोगाला वर ठेवले. कर्म सोडायचे नाही, फळाची आसक्ती सोडायची. गिर्यारोहकाला यातला अर्धा भाग लागू पडतो. माथा सोडून मागे फिरण्याची तयारी ही त्याची फलत्यागाची खरी परीक्षा, आणि ती बहुतेकांना जड जाते. पण ज्यांना त्या फळाची मुळातच इच्छा नव्हती, त्या घरच्यांवर धोका टाकण्याचा अधिकार यातून मिळत नाही.

इथे आंबेडकरांचे दुसरे लेखन उपयोगी पडते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये आले. रात्री झोपलेली बायको आणि मूल सोडून सिद्धार्थ निघून गेला, ही प्रचलित कथा त्यांनी नाकारली. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यातून त्याला गृहत्याग करावा लागतो. जाण्यापूर्वी तो आईवडिलांशी आणि यशोधरेशी बोलतो, आणि यशोधरा संमती देते. चवदार तळ्याच्या नेत्याने गृहत्यागाच्या मुळाशी पाण्याचा तंटा पाहिला हे एक. पण त्याहून मोलाचे हे, की घरच्यांना न सांगता केलेला त्याग त्यांना त्यागच वाटला नाही. या कसोटीने पाहिले, तर निवृत्ताच्या फेरीतल्या नातेवाइकांच्या भेटी हे चढाईच्या मधले विरंगुळ्याचे मुक्काम राहत नाहीत. पडवीत बसून तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले खाताना ‘परवा लिंगाणा आहे’ हे सांगावे लागते, आणि समोरून ‘या वयात कशाला?’ हे ऐकून घ्यावे लागते.

ते विचारणाऱ्यांना डोंगर कमी कळतो असे नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीच्या वर माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर इथेही दरडींनी बळी घेतले. ज्यांच्या घरामागे कडा आहे त्यांनी तो हौसेने निवडलेला नाही. त्यांच्या ‘कशाला’ला ‘आनंदासाठी’ हे उत्तर अपुरे पडते, आणि ते अपुरे आहे हे कळणे हा या फेरीचा कदाचित सर्वांत कठीण टप्पा असावा.

संमतीची कसोटी मान्य केली तरी एक गाठ उरतेच. संमती म्हणजे घरच्यांचा नकाराधिकार का? तसे मानले तर निवृत्त बाईला डोंगर मिळणे अवघडच. ‘आता हे काय वय आहे?’ हा प्रश्न पुरुषाला काळजीपोटी आणि बाईला बहुधा बंदी म्हणून विचारला जातो. महाभारतात याचे उत्तर कुंतीच्या रूपाने येते. धृतराष्ट्राने अनुज्ञा मागितली, कुंतीने मागितली नाही. जिंकलेले राज्य भोगायची वेळ आली असताना मुलांनी विनवण्या केल्या. तिने आपली कारणे त्यांना सांगितली, द्रौपदीला आणि सहदेवाला सांभाळायला बजावले, आणि गांधारीचा हात खांद्यावर घेऊन ती चालू लागली. व्यासांनी तिला कुठेही दोष दिलेला नाही.