कोथिंबीर फुकट मागू नकोस

निमगाव केतकी,
ता. इंदापूर

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

पुण्यात तू स्वतः स्वयंपाक करायला लागलीस, याचा तुझ्या आजीला फार आनंद झाला. पण भाजीवाल्या मावशींकडून वर कोथिंबीर फुकट घेतली, असं तू फोनवर कौतुकानं सांगितलंस, ते माझ्या मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र.

आपला गाव पानमळ्यांचा. नागवेल एकदा लागली की वर्षानुवर्षं पानं खुडता येतात, बाजार पडला तर चार दिवस थांबता येतं. कोथिंबिरीला थांबणं माहीत नाही. बी म्हणजे घरातलेच धने. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून ते फळीखाली हलक्या हातानं रगडून फोडायचे. हात जड पडला की चुरा होतो. मग रात्रभर भिजवून वाफ्यात पेरायचे. 40 दिवसांच्या आसपास पीक काढणीला येतं. त्यानंतर ठेवलं तर तुरे निघतात, पानं दोऱ्यासारखी बारीक होतात आणि त्या मालाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. भाव असो-नसो, उपटावीच लागते. मुळांची माती झटकून जुडी बांधायची, पाणी मारायचं, पण बेतानं. पाल्यात पाणी साचलं तर जुडी आतून तापते आणि सकाळपर्यंत काळी पडते.

बाजार समितीत लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव. वैशाखात उगवण धड होत नाही, तेव्हा तो चढतो. थंडीत सगळ्यांचीच साधते, तेव्हा असा कोसळतो की उपटण्याची मजुरी निघत नाही. मग उभ्या पिकात मेंढरं सोडतात. मावशींनाही ती जुडी विकतच घ्यावी लागते गं.

धने आणि कोथिंबीर एकाच झाडाचे का, असं तू विचारलं होतंस. हो, एकाच झाडाचे. कोथिंबीर हे नाव संस्कृत कुस्तुंबरीवरून आलं, धने धान्यकावरून. पण पाल्यासाठी उपटलेल्या झाडाला धने धरतच नाहीत. डब्यातले धने बहुतेक राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातले. कोट्याजवळच्या रामगंजमंडीत त्यांचा मोठा बाजार आहे. पाल्याचा वास आचेवर उडून जातो, म्हणून कोथिंबीर गॅस बंद केल्यावर घाल. धन्याचं उलट, मंद आचेवर भाजल्याशिवाय तो खुलत नाही. आजीच्या गोड्या मसाल्यात सगळ्यात मोठं माप धन्याचंच असतं. आणि देठ फेकू नकोस. पानांइतकाच स्वाद त्यात असतो. आलं-लसणाबरोबर वाटून रश्शात घाल.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी आपल्या गावात मुक्कामाला येते, तेव्हा वारकऱ्यांच्या जेवणासाठी मळ्यातून कोथिंबिरीची गाठोडीच्या गाठोडी येतात. त्या दिवशी जुड्या मोजत नाहीत. पण ते ज्याचं त्यानं आपण होऊन दिलेलं असतं. गिऱ्हाइकानं ‘वर थोडी टाका’ म्हणत हात पुढे करणं वेगळं.

मावशींकडे पुन्हा जाशील तेव्हा मागच्या जुडीचेही पैसे दे. त्या नको म्हणतील, तरी दे.

तुझे,
आजोबा