भिंत कोणाची?

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या भिंतींवरची चित्रे पाहताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की ही चित्रे नेमकी कोणाला उद्देशून काढली आहेत? प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा विभागलेल्या या शहरात पलीकडच्या वस्तीतला माणूस सहसा इकडे फिरकत नाही. म्हणजे चित्र रोज पाहतात ते घरचेच लोक.

या परंपरेचा आरंभ साधारणपणे १९०८ पासून मानतात. त्या सुमारास पूर्व बेलफास्टमधल्या एका भिंतीवर पांढऱ्या घोड्यावर स्वार झालेला राजा तिसरा विल्यम अवतरला. १६९०च्या बॉयनच्या लढाईत या प्रोटेस्टंट राजाने कॅथलिक राजा जेम्सला हरवले होते. या विजयाच्या स्मरणार्थ दर १२ जुलैला निघणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज मिरवणुकांच्या तोंडावर अशी चित्रे नव्याने रंगवली जात. १९२१च्या फाळणीनंतर उत्तर आयर्लंडची सत्ताही प्रोटेस्टंट बाजूकडेच गेली, त्यामुळे घोड्यावरचा राजा सणाचे चित्र तर राहिलाच, शिवाय राज्याची मोहोरही बनला. दुसऱ्या, म्हणजे कॅथलिक बाजूला भिंती रंगवण्याची ती मोकळीक नव्हती. १९५४च्या ध्वज व प्रतीकविषयक कायद्याने शांतताभंगाची शक्यता वाटल्यास ब्रिटिश ध्वजाखेरीज इतर ध्वज आणि चिन्हे उतरवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. एका समाजाला भिंत वारशाने मिळाली, दुसऱ्याला ती मिळवावी लागली.

ती मिळवली गेली १९८१मध्ये. तुरुंगात उपोषण करणारे दहा रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटनपासून मुक्त एकसंध आयर्लंड हवे असलेले, कैदी त्या वर्षी मरण पावले. त्यांतला पहिला बॉबी सँड्स. उपोषण चालू असतानाच तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि ५ मे रोजी गेला. फॉल्स रोडच्या कॅथलिक परिसरातली पोरे रंगाचे डबे घेऊन बाहेर पडली. पुढे या भिंतींवर मंडेला आले, पॅलेस्टाईन आले. आपले दुःख जगातल्या इतर दुःखांच्या रांगेत उभे करण्याची ही रीत होती. उलट लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनशी एकनिष्ठ प्रोटेस्टंट, वस्त्यांत, विशेषतः १९८५च्या ब्रिटिश-आयरिश करारानंतर, राजाची जागा बुरखाधारी बंदूकवाल्यांनी घेतली. ज्या राज्याचा आधार वाटत होता, तेच आपल्याला आयर्लंडला विकायला निघाले आहे, ही धास्ती त्यामागे होती. पण त्या बंदुकीचा धाक शत्रूइतकाच गल्लीतल्या रहिवाशालाही होता: इथे कोणाचे चालते, हे त्याने विसरू नये.

१९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर शासनाला वाटले, चित्र बदलले तर मनही बदलेल. २००६ पासून सरकारी पैशातून बंदुकांच्या जागी खेळाडू, जहाजे, स्थानिक इतिहास रंगवण्याची योजना सुरू झाली. २००७मध्ये रिपब्लिकन चित्रकार डॅनी डेव्हेनी आणि लॉयलिस्ट वस्तीतला मार्क एर्विन यांनी मिळून पिकासोचे युद्धविरोधी चित्र ‘गेर्निका’ भिंतीवर उतरवले. पर्यटकांच्या टॅक्सी भिंतींपाशी थांबू लागल्या. मात्र २०१३मध्ये पूर्व बेलफास्टच्या सिडनहॅम भागात फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टचे चित्र पुसून त्या जागी पुन्हा बुरखाधारी बंदूकवाले रंगवले गेले. बेस्ट त्याच शहराच्या पूर्व भागात वाढलेला, प्रोटेस्टंट घरातला, दोन्ही बाजूंचा लाडका. तरीही तो टिकला नाही.

चित्रकलेच्या मापाने या घटनेचा अर्थ लागत नाही. शासनाने चित्राचा विषय बदलला, पण भिंतीवर काय असावे हे ठरवणारे हात तेच राहिले. डेव्हेनी-एर्विन यांच्या कामाचे मोल इथेच कळते. तिथे विषयाइतकेच रंगवणारे हातही बदलले होते.

म्हणून विभागलेल्या शहरात सलोखा किती झाला, हे भिंतीवरच्या विषयांवरून मोजू नये. आपल्या गल्लीतले नकोसे चित्र पुसायला सामान्य रहिवासी न घाबरता पुढे येऊ शकतो का, एवढे विचारावे. बेलफास्टच्या अनेक गल्ल्यांत याचे उत्तर अजून ‘नाही’ असेच आहे.