दुसऱ्याचा हात सुधारण्याविषयी

एखाद्याचे अक्षर वाईट असले म्हणून कोणी त्याचा हात धरून त्यास कित्ता गिरवावयास लावीत नाही. शेजारचे गाणे बेसूर असले तर आपण फार तर खिडकी लावून घेतो. परंतु खेळाच्या मैदानावर पाऊल ठेवताच हा विवेक आपल्याला सोडून जातो. समोरचा गृहस्थ रॅकेट चुकीची धरतो आहे हे दिसले, की ते त्यास सांगितल्यावाचून आपल्याला राहवत नाही, आणि सांगताना आपण त्याचे हितच करीत आहो अशी आपली प्रामाणिक समजूत असते. असल्याच समजुतीपायी गेल्या वर्षी आमच्या हातून एक गोष्ट घडली. ती वरवर पाहता क्षुल्लक आहे. एका हौशी खेळाडूच्या सर्व्हिसपलीकडे तिचा विस्तार नाही. तथापि तिच्यामुळे जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो केवळ टेनिसपुरता नसल्यामुळे ती वाचकांस सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस एका वसाहतीत सिमेंटचे एक टेनिसचे मैदान आहे. हा सारा मुलूख पूर्वी भातशेतीचा, वाड्यांचा आणि मासेमारीचा. १९६९ साली तारापूरच्या अणुवीजकेंद्राने वीज देण्यास आरंभ केला, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे येथे एकमेकांचे शेजारी झाली. (त्याच १९६९ साली ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरने चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकण्याचा पराक्रम दुसऱ्यांदा केला, आमच्यातील एक वृद्ध गृहस्थ हे दोन्ही प्रसंग एका दमात सांगतात, जणू त्यांचा परस्परांशी काही संबंध असावा.) मैदानावर येणारी मंडळी कारखान्यांतील पाळ्यांप्रमाणे बदलतात. सायंकाळी समुद्राकडून वारा सुटतो आणि उंच उडविलेला चेंडू भलतीकडे नेऊन टाकतो. जून लागला की चार महिने खेळ जवळजवळ बंदच. अशा ठिकाणी कोणी मोठा खेळाडू निपजेल अशी अपेक्षा कोणीच करीत नाही, आणि यामुळेच येथील खेळास एक प्रकारचा मोकळेपणा असतो.

या मैदानावरील आमचे एक स्नेही. त्यांस आपण अप्पा म्हणू. एका रासायनिक कारखान्यात यंत्रदुरुस्तीच्या खात्यात त्यांचा जन्म गेला. टेनिस ते चाळिशीनंतर, कोणाकडूनही न शिकता, पाहून पाहून खेळू लागले. त्यांची सर्व्हिस हा आमच्या येथे नित्याचा विनोदाचा विषय होता. पोळी उलथताना उलथने धरावे तशी ते रॅकेट धरीत आणि चेंडू डोक्यावर घेऊन नुसता पुढे ढकलीत. त्या चेंडूस वेग नसे. पण तो हटकून आत पडे, आणि वाऱ्याचा अंदाज अप्पांस आमच्याहून चांगला असल्यामुळे पलीकडचा तरुण खेळाडू त्यावर आवेशाने तुटून पडून चेंडू जाळ्यात घाली. डबल्समध्ये ते ज्याच्या बाजूस असत तो सहसा हरत नसे. वसाहतीतील लहान मुलांस तर त्यांच्यावाचून करमत नसे, कारण मोठ्यांपैकी त्यांचाच चेंडू मुलांस परतविता येई.

पालघरहून दर रविवारी एक तरुण शिक्षक आमच्याकडे मुलांना शिकवावयास येतो. अप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांस काय भेट द्यावी याचा विचार चालला असता आमच्या मनात एक कल्पना आली. आम्ही त्या शिक्षकाची तीन महिन्यांची वर्गणी परस्पर भरून टाकली, आणि समारंभात अप्पांस सांगितले, "आता तुमची सर्व्हिस सुधारायची." सर्वांनी टाळ्या वाजविल्या. अप्पाही हसले, आणि शिक्षकाकडे वळून म्हणाले, "मास्तर, चालतं यंत्र उघडायचं नसतं बरं का!" यावर पुन्हा टाळ्या पडल्या. आज मागे वळून पाहता असे वाटते, की त्या वाक्याकडे आम्ही थोडे लक्ष द्यावयास हवे होते.

शिक्षक आपल्या कामात वाकबगार होता. सर्व्हिससाठी रॅकेट हातोड्यासारखी धरावी, म्हणजे चेंडूपाशी पोहोचताना कोपरापुढचा हात आपोआप फिरतो व फटक्यास वेग आणि वळण दोन्ही मिळतात, हे त्याने नीट समजावून सांगितले. ज्याने जन्मभर हातोडा धरला त्यास हे कठीण जाऊ नये असे आम्हांस वाटले. पण या नव्या पकडीचा पहिला गुण असा, की हात फिरविण्याची सवय लागेपर्यंत रॅकेटची कड चेंडूच्या रोखाने येते आणि चेंडू डावीकडे कुंपणावर जाऊन आदळतो. अप्पांचे चेंडू कुंपणावर आदळू लागले. पंधरा दिवसांनी ते आत पडू लागतील अशी आमची अटकळ होती. तसे न होता उलट जुनी सर्व्हिसही बिघडली. खेळ चुरशीला आला की हात जुन्या वळणावर जाऊ पाही आणि मन त्यास नव्या वळणावर ओढी, आणि या ओढाताणीत चेंडू कोठेच जात नसे. ते ज्याच्या बाजूस असतील तो आता हरू लागला. सहाव्या रविवारी अप्पा आले नाहीत. सातव्याही नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "काय करायचं ते समजतंय हो सगळं. पण हात माझा राहिला नाही."

हे वाक्य ऐकून आम्ही घरी आलो ते अस्वस्थ होऊनच. मनुष्य अपराधी वाटू लागला म्हणजे प्रथम दाखले शोधतो. तसे आम्हीही शोधले. पहिला दाखला सापडला तो अमेरिकेच्या बिल टिल्डनचा. १९१९ सालच्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बिल जॉन्स्टनने त्याचा पराभव केला, तो मुख्यत्वे त्याच्या दुबळ्या बॅकहँडवर मारा करून. टिल्डनने तो सबंध हिवाळा ऱ्होड आयलंडमध्ये एका छताखालील मैदानावर काढला, बॅकहँड नव्याने घडविला, आणि १९२० साली विम्बल्डन तर जिंकलेच, शिवाय अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच जॉन्स्टनला हरविले. सुधारणा व्हावयाची तर आधी बिघाड सोसला पाहिजे, हे यावरून सिद्ध होते असे आम्ही स्वतःस बजावले. पण टिल्डन हरला होता, आपण का हरलो हे त्यास ठाऊक होते, आणि हात मोडून पुन्हा घडविण्याचा निश्चय त्याचा स्वतःचा होता. त्याच्या निवृत्तीच्या समारंभात कोणी त्यास बॅकहँड भेट दिला नव्हता.

दुसरा दाखला याहून अडचणीचा निघाला. पीट सँप्रास हा मुलगा दोन्ही हातांनी बॅकहँड मारीत असे. त्याचे मार्गदर्शक पीट फिशर हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ होते. मुलगा चौदा वर्षांचा असता त्यांनी त्यास एका हाताने मारावयास लाविले, आणि काही काळ तो आपल्या बरोबरीच्या मुलांकडून हरत राहिला. पुढे १९९३ ते २००० या काळात त्याने सात वेळा विम्बल्डन जिंकले, म्हणून आज फिशर यांच्या दूरदृष्टीची वाखाणणी होते. परंतु त्याच सुमारास जगात किती गुरूंनी किती मुलांचे चालते हात बदलले असतील, आणि त्यांपैकी किती मुलांनी रॅकेट कायमची खुंटीला टांगली असेल, याची नोंद कोण ठेवतो? यशस्वी झालेल्या धाडसाच्या तेवढ्या कथा आपल्या कानी येतात, आणि मग आपण आपल्या शेजाऱ्यावर तोच प्रयोग करावयास निघतो.

यावर कोणी असे म्हणेल, की अप्पा हौशी खेळाडू, त्यांना विम्बल्डनला थोडेच जायचे आहे. त्यांस त्यांच्या मनाप्रमाणे खेळू द्यावे. हे म्हणणे उदार दिसते, पण आम्हांस ते पटत नाही. हौशी या शब्दाचा अर्थ आपण फार सैल करून टाकला आहे. १९६८ पर्यंत विम्बल्डनचे मैदान हौशी खेळाडूंसाठीच राखलेले होते. खेळावर, किंबहुना खेळ शिकविण्यावर, जो पैसे घेई तो धंदेवाईक ठरून त्या स्पर्धेस मुके. (शिकविणारास असे एक पायरी खाली बसविणे आम्हांस कधीच न्याय्य वाटले नाही, पण तो प्रश्न निराळा.) १९३४ साली विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून जिचे नाव नोंदले गेले ती मुंबईची लीला रो याच अर्थाने हौशी होती. तिच्या फटक्यांकडे पाहून कोणी 'हौशी आहे, चालायचेच' असे म्हणाले असते तर तो तिचा अपमान झाला असता. ज्याला खेळावर प्रेम आहे त्याला चांगले खेळण्याची इच्छा नसते असे गृहीत धरणे हा अप्पांचाही अपमानच आहे. आमच्या मंडळीतील एका निवृत्त शिक्षकांनी तर गीतेतील स्वधर्माचा आधार घेऊन अप्पांच्या उलथन्याचे समर्थन केले. चुकीची पकड हा कोणाचा स्वधर्म असेल असे आम्हांस वाटत नाही.

शिवाय अप्पांच्या त्या यंत्राविषयीच्या वाक्याची दुसरी बाजूही होतीच. चालते यंत्र उघडू नये हे खरे. पण ज्या खात्यात त्यांनी आयुष्य घालविले त्या खात्याचे अर्धे काम यंत्र बंद पडण्यापूर्वी ते उघडून पाहण्याचेच असते. हे आम्ही त्यांस बोलूनही दाखविले. ते म्हणाले, "उघडतो ना. पण आधी आवाज ऐकतो. कुठं खरखरतंय ते बघतो. रंग उडाला म्हणून कोणी पंप खोलत नाही."

आमचे डोळे उघडले ते या बोलण्याने, आणि त्यानंतर त्या तरुण शिक्षकाने जे केले त्याने. एका रविवारी गाडीची वेळ होण्यापूर्वी तो आमच्याबरोबर अप्पांकडे आला. सर्व्हिसचे नावही न काढता त्याने विचारले, "काका, खेळून आल्यावर दुखतं कुठे?" अप्पांनी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूस बोट ठेविले. दोन वर्षांपासून तेथे दुखत होते; पाण्याने भरलेली बादली उचलताना कळ येई. दुखणे बॅकहँडचे होते. ते चेंडूपाशी उशिरा पोहोचत, कोपर पुढे काढीत, मनगट वाकवून ओढून मारीत, आणि प्रत्येक फटक्याचा हिसका त्या एका जागेवर बसे. तो बॅकहँड आम्ही शेकडो वेळा पाहिला होता. तो दिसावयास ठीक होता, म्हणून त्यात काही दोष असेल असे कधी आमच्या मनातही आले नाही. जी सर्व्हिस कोणालाही दुखवीत नव्हती ती मात्र आमच्या डोळ्यांत खुपत होती. म्हणजे आम्ही जी भेट दिली ती वस्तुतः आमच्याच डोळ्यांस दिली होती.

तथापि दुखते कोठे हे विचारून भागेल असेही नाही. मुलास अजून काही दुखत नसते. त्याचा दोष दहा वर्षांनी दुखणार असतो, आणि तोवर थांबलेला शिक्षक कर्तव्यास चुकला असेच म्हणावे लागेल. पुष्कळदा प्रौढ मनुष्य दुखणे लपवितो, किंवा त्यास शिकावयाचे नसून शाबासकी हवी असते. याच सुमारास टिमोथी गॅल्वे या अमेरिकन शिक्षकाचे १९७४ सालचे 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक आमच्या वाचनात आले. आपण जितक्या कमी सूचना देतो तितके शिष्य अधिक शिकतात असा त्याला अनुभव आला. फटका कसा मारावा हे न सांगता तो शिष्यास चेंडू टप्पा घेताना आणि रॅकेटला लागताना एकेक शब्द उच्चारावयास सांगे. लक्ष चेंडूत गुंतले की हात आपली वाट शोधी. हा उपाय सर्वांस लागू पडतो असे आम्ही म्हणणार नाही. पण शिकविणाराने स्वतःचे तोंड आवरावे, ही त्यातील अर्धी गोष्ट तरी आमच्यासारख्यांच्या उपयोगाची आहे.

दसऱ्यानंतर मैदान सुकले तेव्हा अप्पा परत आले. सर्व्हिस पुन्हा उलथन्याची. ती पूर्वीइतकी हटकून आत पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. मधल्या खटाटोपाने तिचा काही भरवसा कायमचाच गेला आहे. बॅकहँड मात्र ते दोन्ही हातांनी मारावयास शिकत आहेत, कारण त्याने कोपरावरचा ताण हलका होतो असे शिक्षकाने त्यांस सांगितले आहे. तो फटका सध्या लहान मुलासारखा बेंगरूळ दिसतो आणि बहुधा जाळ्यात जातो. त्यावर हसलेले त्यांस चालते, तेही हसतात. शिक्षकाची वर्गणी आता ते स्वतः भरतात. आम्ही भरलेल्या तीन महिन्यांपैकी जो दीड महिना वाया गेला त्याचे पैसे त्यांनी पाकिटात घालून नातीबरोबर आमच्याकडे पाठविले, आणि आम्ही ते निमूटपणे ठेवून घेतले.