अस्त्र देणाऱ्याचे उत्तरदायित्व

सौप्तिकपर्वातील अश्वत्थाम्याची कथा पुराणश्रवणास नित्य येणाऱ्या मंडळींस नव्याने सांगावयास नको. तथापि तीतील एका लहानशा तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. ब्रह्मशिर नावाचे अस्त्र द्रोणाचार्यांनी प्रसन्न मनाने दिले ते अर्जुनास. पुढे पुत्राने हट्ट धरला, तेव्हा फारशा संतोषाने नव्हे, पण त्यासही त्यांनी ते शिकविले आणि बजावले की, केवढीही आपत्ती ओढवली तरी हे अस्त्र मनुष्यांवर सोडू नकोस. पुत्राचा स्वभाव त्यांस ठाऊक होता. म्हणूनच बजावणे भाग पडले. अखेरीस दोघांनीही अस्त्र सोडले. अर्जुनास ते आवरून घेता आले. अश्वत्थाम्यास आले नाही, आणि त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर टाकले. पाप अश्वत्थाम्याचे, याविषयी दुमत नाही. परंतु पात्रता जाणूनही ज्याने दिले, त्याचा त्यात काही अंश आहे की नाही?

हा प्रश्न आज आम्हांस निराळ्याच निमित्ताने विचारावासा वाटतो. १९ एप्रिल २०२४ रोजी भारतीय वायुदलाचे एक अवजड मालवाहू विमान फिलिपाइन्समधील क्लार्क येथील तळावर उतरले. त्यात ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा पहिला संच होता. २८ जानेवारी २०२२ रोजी झालेल्या सुमारे ३७ कोटी ५० लक्ष डॉलरांच्या करारान्वये असे तीन संच त्या देशास द्यावयाचे ठरले. दुसरा एप्रिल २०२५ मध्ये पोहोचला. तत्पूर्वी, २०२३ च्या आरंभी, तेथील २१ सैनिक भारतात येऊन ते चालविण्याचे शिक्षण घेऊन गेले होते. म्हणजे अस्त्रही आपण दिले आणि विद्याही आपणच दिली.

नाव ऐकताच ब्रह्मास्त्र आठवावे, पण ते ठेवले आहे ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांवरून. कारण १९९८ च्या करारानुसार भारत व रशिया यांनी मिळून ते घडविले. त्याचा वेग ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे सेकंदास सुमारे एक किलोमीटर. परदेशास द्यावयाच्या नमुन्याचा पल्ला २९० किलोमीटर आहे. शेवटच्या टप्प्यात ते लाटांच्या माथ्यावरून अवघ्या काही मीटर उंचीने येते. त्यामुळे क्षितिजाआडून ते प्रकट झाल्यापासून जहाजावरील माणसांच्या हाती जेमतेम अर्धे मिनिट उरते. किनाऱ्यापासून जहाजापर्यंतचा सारा प्रवास पाच मिनिटांचा. एवढ्या अवधीत पश्चात्तापही पुरता होत नाही.

आपल्या देशाची संरक्षण-सामग्रीची निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. जो देश दीर्घकाळ बंदुकीपासून विमानापर्यंत सारे परक्यांकडून घेत आला, तो आज देणारा झाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. आम्हांसही तो वाटतो. मात्र हे आकडे तांदूळ वा कापड यांच्या निर्यातीच्या आकड्यांसारखे वाचले जातात, हे आम्हांस खटकते. तांदूळ विकला की घेणाऱ्याने तो शिजवून खाल्ला, व्यवहार संपला. शस्त्राचा व्यवहार पैसे मिळाल्यावर सुरू होतो.

समुद्रावरील क्षेपणास्त्रांचा इतिहास तरी हेच सांगतो. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या लहानशा नौकांनी सोव्हिएत बनावटीची क्षेपणास्त्रे सोडून इझ्राएलची एलात ही विनाशिका बुडविली. ४७ माणसे गेली. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटनची शेफील्ड ही विनाशिका आर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेल्या एक्झोसेट क्षेपणास्त्राने पेटली आणि २० जण मेले. ते क्षेपणास्त्र फ्रान्सचे, ते विमानही फ्रान्सचे, आणि फ्रान्स तर ब्रिटनचा मित्र! विकताना कोणाच्या स्वप्नातही नव्हते की ते मित्राच्याच लेकरांवर पडेल. पुढे १७ मे १९८७ रोजी इराकच्या विमानाने इराणच्या आखातात त्याच जातीची दोन क्षेपणास्त्रे अमेरिकेच्या स्टार्क या युद्धनौकेवर मारली. ३७ खलाशी मृत्यू पावले. इराकने चूक झाली म्हणून क्षमा मागितली.

तेव्हा शस्त्रविक्रय हाच मुळात अधर्म, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसे म्हणणाऱ्यास ४ डिसेंबरचे उत्तर द्यावे लागेल. १९७१ साली त्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर जो हल्ला चढविला, त्याच्या स्मरणार्थ आपण त्या तिथीस नौदल-दिन पाळतो. त्या नौका आणि ती क्षेपणास्त्रे सोव्हिएत संघाकडून घेतलेली होती. कोणी दिलीच नसती तर? ज्याच्या दाराशी संकट उभे आहे आणि ज्यास स्वतः शस्त्र घडविण्याचे सामर्थ्य नाही, त्यास ते नाकारणे म्हणजे बलवानाची बाजू घेणेच होय. न देणाऱ्याचे हातही निर्लेप राहत नाहीत. म्हणून प्रश्न विकावे की न विकावे एवढाच नसून, कोणास, कोणत्या वेळी, आणि दिल्यानंतर किती काळ आपण त्यास बांधलेले राहतो, असा आहे.

देणाऱ्यास जबाबदार धरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १६६० साली शिद्दी जौहरने पन्हाळगडास वेढा घातला असता इंग्रजांच्या राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा आपली माणसे, तोफ व गोळे घेऊन तेथे गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा करू लागला. आपण व्यापारी आहोत, कोणाच्या तंट्यात नाही, ही वखारवाल्यांची नेहमीची भाषा. शिवछत्रपतींनी ती मानली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी राजापूरवर चाल केली, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांस कैदेत टाकले. तेथे ते सुमारे दोन वर्षे होते. दारूगोळा पुरविणारा आणि तो वापरण्यास हात लावणारा केवळ व्यापारी राहत नाही, हा त्या निवाड्याचा अर्थ आम्ही समजतो.

आणखी एक अनुभव आपल्या पिढीजात स्मरणात असावयास हवा. १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी साहाय्य देण्याचे ठरविले, ते साम्यवादाचा प्रसार रोखण्यासाठी. आयसेनहॉवर यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये पंडित नेहरूंस पत्र लिहून आश्वासन दिले की, या साहाय्याचा दुरुपयोग करून कोणी आक्रमण केलेच तर आपण त्याविरुद्ध उपाय योजू. नेहरूंचे समाधान झाले नाही. १९६५ च्या सप्टेंबरात तेच पॅटन रणगाडे खेमकरणच्या शेतांत उतरले. अमेरिकेने मग शस्त्रपुरवठा थांबविला, पण तो दोघांचाही थांबविला. घाव घालणारा आणि घाव झेलणारा एकाच तागडीत गेले. देणाऱ्याचे आश्वासन किती टिकते, याचा अनुभव आपण घेणाऱ्याच्या शेजारी राहून घेतला आहे. आज आपण देणाऱ्याच्या आसनावर बसलो असता तो विसरणे आपणांस शोभणार नाही.

या कसोटीवर फिलिपाइन्सचा व्यवहार कसा उतरतो? आमच्या मते तो उतरतो, आणि त्याचे मुख्य कारण असे की, त्या देशाने आधी न्यायाचा दरवाजा ठोठावला. लुझोन बेटाच्या पश्चिमेस सुमारे १२० सागरी मैलांवर स्कारबरो नावाचे प्रवाळाचे उथळ आहे. तेथे फिलिपाइन्सचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत आले. २०१२ मध्ये दोन्ही देशांच्या नौकांचा आमना-सामना होऊन ते चीनच्या ताब्यात गेले. फिलिपाइन्सने बंदूक उचलली नाही. त्याने सागरी कायद्याच्या करारान्वये लवादाकडे दाद मागितली. १२ जुलै २०१६ रोजी लवादाने निर्णय दिला की, नकाशावर नऊ तुटक रेषा ओढून त्यांच्या आतील समुद्रावर चीन जो ऐतिहासिक हक्क सांगतो, त्यास कायद्याचा आधार नाही. चीनने त्या कामात भागही घेतला नव्हता आणि निर्णयही मानला नाही. ज्याच्या हाती निवाडा आहे पण तो बजावणारा शिपाई नाही, अशा माणसाची जी अवस्था होते, ती त्या देशाची झाली. भारताने २०२३ च्या जूनमध्ये तो निर्णय पाळला जावा असे उघडपणे म्हटले.

येथे आपणांस मान ताठ ठेवून बोलता येते, ते आणखी एका गोष्टीमुळे. बंगालच्या उपसागरात बांगलादेशाशी आपला असाच सीमावाद होता. जुलै २०१४ मध्ये लवादाने वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरांपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशास दिले. आपण मोठे, तो लहान; तरीही आपण निर्णय शिरसावंद्य मानला. त्या बातमीस आपल्याकडे फारशी जागा मिळाली नाही, कारण हरल्याची बातमी कोण मिरवितो! पण शस्त्रपुरवठ्यास जर काही नैतिक बळ असेल तर ते आम्हांस क्षेपणास्त्राच्या वेगात न दिसता त्या हरलेल्या खटल्यात दिसते.

शिवाय हे अस्त्र किनाऱ्यावरून सोडावयाचे आहे. लुझोनच्या पश्चिम किनाऱ्यावरून ते स्कारबरोपर्यंत पोहोचते, चीनच्या भूमीपर्यंत पोहोचत नाही. कुंपणावरील काटा आणि दुसऱ्याच्या अंगणात फेकलेला दगड यांत भेद आहे, आणि तो येथे भूगोलानेच राखला आहे.

तथापि याचा गुण वाढवून सांगू नये. त्या समुद्रात रोज जे घडते ते युद्ध नव्हे. तटरक्षक दलाची मोठी जहाजे लहान होड्यांवर पाण्याचे प्रचंड फवारे मारतात, धडका देतात, वाट अडवितात. १७ जून २०२४ रोजी सेकंड थॉमस या उथळावर, जेथे फिलिपाइन्सने १९९९ मध्ये आपले एक जुने जहाज मुद्दाम रुतवून त्यावर पहारा ठेवला आहे, चिनी सैनिक कुऱ्हाडी व सुरे घेऊन होड्यांवर तुटून पडले आणि एका फिलिपिनो खलाशाचा अंगठा गेला. पाण्याच्या फवाऱ्यास ब्रह्मोसने उत्तर देता येत नाही. ते देणारा वेडा ठरेल. कारण १९५१ च्या तहाने अमेरिका फिलिपाइन्सशी बांधलेली आहे, आणि एका क्षेपणास्त्रातून दोन महासत्तांचे युद्ध पेटू शकेल. त्या अस्त्राचा उपयोग एवढाच की, अरेरावी आणि आक्रमण यांमधील शेवटची पायरी चढताना समोरच्याने दोनदा विचार करावा. कोळ्याचे मासे त्याने परत मिळत नाहीत.

आमच्या वयाच्या मित्रांत याविषयी बोलणे निघाले म्हणजे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: चीन पाकिस्तानला शस्त्रे देतो, मग आपण त्याच्या शेजाऱ्यास का देऊ नयेत? चीनने पाकिस्तानला आठ पाणबुड्या देण्याचा करार केला आहे, आणि त्या वर्गास हंगोर हे नाव दिले आहे; ९ डिसेंबर १९७१ रोजी आपली खुकरी बुडविणाऱ्या पाणबुडीचेच ते नाव. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक त्या रात्री गेले. राग यावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्या रागाने दिलेले शस्त्र फिलिपाइन्ससाठी दिलेले नसते. तिसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक उडविण्याचा तो प्रकार होतो. मनिलाच्या कोळ्याचा हक्क खरा असेल तर चीनने पाकिस्तानला काहीही दिले नसते तरी तो खराच राहिला असता. आणि तो खोटा असेल तर आपल्या सुडाने खरा होणार नाही.

उद्या दुसरे देश मागणीस येतील. काही आलेही आहेत. प्रत्येकाची गोष्ट फिलिपाइन्ससारखी नसणार. आपल्या नियमांप्रमाणे घेणाऱ्या सरकारकडून शस्त्राच्या अंतिम वापराविषयी लेखी हमी घेतली जाते, हे योग्यच; पण द्रोणाचार्यांनीही बजावले होतेच. हमीपेक्षा आम्हांस अधिक भरवसा वाटतो तो सुटे भाग, दुरुस्ती आणि शिक्षण यांच्या दीर्घ संबंधावर. सोडलेले क्षेपणास्त्र कोणासच परत घेता येत नाही; परंतु न सोडलेली निकामी पडू देणे देणाऱ्याच्या हाती काही अंशी राहते. तो हात आखडता घेण्याचे धैर्य, धंदा बुडत असतानाही, ज्याच्या ठायी असेल त्यानेच हा व्यापार करावा.

गोव्यात आणि कोकणात किती घरांतील मुलगे जहाजांवर आहेत, हे देवळात येणाऱ्या मातांस विचारावे. खलाशाचा देश एक, जहाजाचे निशाण दुसऱ्याचे, माल तिसऱ्याचा, आणि ज्या समुद्रातून तो जातो तेथील भांडण चौथ्याचेच असते. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात ट्रू कॉन्फिडन्स या मालवाहू जहाजावर येमेनमधील हूथींचे क्षेपणास्त्र आदळले. इराणने हूथींस अशी सामग्री पुरविल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वेळोवेळी नोंदविले आहे. जहाजावरील तीन खलाशी मरण पावले. दोघे फिलिपिनो, एक व्हिएतनामी. उरलेल्या २१ जणांस, ज्यांत एक भारतीय होता, आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाता या नौकेने समुद्रातून उचलून जिबुतीस पोहोचविले.