उचलीचा हिशेब चौथीच्या वर्गात

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्याच्या पूर्व भागातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात आणि अनेकांसोबत तिसरी-चौथीतली मुलेही जातात. ती परततात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. म्हणून या तालुक्यात पैशांचे आणि वेळेचे गणित दिवाळीआधीच शिकवून झाले पाहिजे, आणि ते उचलीच्या, म्हणजे तोडीआधी घेतलेल्या आगाऊ पैशांच्या, हिशेबावरून शिकवले पाहिजे.

वही-पेन्सिलीच्या खरेदीची उदाहरणे मुलांना यायलाच हवीत. पण या मुलांच्या घरातला वर्षाचा सर्वांत मोठा व्यवहार दुकानात होत नाही, तोडीसाठी मजूर ठरवणाऱ्या मुकादमासमोर होतो. पैसे आधी हातात पडतात आणि ते फेडण्यात हंगाम जातो. समजा, एका जोडीने एक लाख रुपये उचल घेतली. दर टनाला ३६० रुपये आणि दिवसाची तोड दोन टन. दिवसाचे ७२० रुपये झाले, तर लाख फिटायला १३९ दिवस लागतात. १ नोव्हेंबरला तोड सुरू झाली असेल तर कॅलेंडरवर बोट ठेवून मोजावे. १९ मार्च येतो. आता त्यात आजारपणाचे चार खाडे धरा, प्रत्येकी ५०० रुपये कपात. दोन हजार वाढले, म्हणजे जवळजवळ तीन दिवसांची तोड. शिवाय बसून गेलेले चार दिवस. तारीख २६ मार्चवर गेली. आजारपण चार दिवसांचे, पण फेड लांबली सात दिवसांनी! मधल्या काळात किराण्यासाठी घेतलेले पैसे अजून यात धरलेलेच नाहीत. गुणाकार, भागाकार, महिन्यांचे दिवस, सारे या एका उदाहरणात येते, आणि उत्तर काय येते याची मुलाला खरोखर ओढ असते.

वेळेच्या वजाबाकीत मुले एका ठरावीक जागी अडखळतात, आणि ती जागा आपणच तयार करून ठेवली आहे. सव्वासात वाजले तरी आपण ७.१५ लिहितो, सात रुपये पंधरा पैसे झाले तरी ७.१५च लिहितो. पहाटे ४.४० ला उसाच्या फडात गेलेल्या आईने ७.१५ पर्यंत किती वेळ काम केले, असे विचारले की मूल २.७५ उत्तर काढते. रुपयांत ते अगदी बरोबर आहे. वेळेत मात्र ते दोन तास पस्तीस मिनिटे. शिक्षकाने तिथे नुसती फुली मारून पुढे जाऊ नये. दोन्ही वजाबाक्या फळ्यावर शेजारी-शेजारी मांडाव्यात. रुपया सुटा केला की शंभर पैसे मिळतात, तास सुटा केला की साठच मिनिटे, हे मुलांच्या तोंडून काढून घ्यावे. त्यात पैसा हे नाणे आजच्या मुलांनी पाहिलेलेही नाही. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली.

याच तासाला मुलांना आईचा दिवस मांडायला सांगावा. अंधारात उठून स्वयंपाक, मग तोड, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे आणि परतल्यावर पुन्हा चूल. काट्यावर फक्त टन मोजले जातात आणि उचल बहुतेकदा घरच्या पुरुषाच्या हाती पडते. आईचे तास कुणीच मोजत नाही. निदान तिच्या मुलाने आणि मुलीने ते एकदा वहीत लिहावेत.

शाळेत हिशेब शिकवण्याचा आग्रह नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे असे सांगितले होते. कष्टकऱ्याच्या घरात हिशेब जाणणारा माणूस नसला की काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आईबापांच्या कर्जाचा भार कोवळ्या मनावर कशाला, असे कुणी म्हणेल. तो भार मुले आजही वाहतात. तोडीच्या मुक्कामावर, थळात, धाकट्या भावंडाला सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी उचल फेडण्यातच हातभार लावत असते; फक्त तो हिशेब तिला कुणी दाखवलेला नसतो. हिशेब आला म्हणून उचल संपणार नाही, हेही खरे. त्यासाठी तालुक्यात पाणी आणि काम हवे, रास्त दर हवा, हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू व्हायला हवीत. पण किती टनांवर आपण अंगठा उठवतो आहोत हे ज्या घराला आधी कळते, ते घर मुकादमाकडे लेखी हिशेब मागू शकते.

पाथर्डीतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, यंदा जूनपासूनच याची आखणी करा. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांना बोलवा, दर, खाडा, कपात त्यांच्याकडूनच समजून घ्या आणि कुणाच्याही घरचे नाव न घेता त्यांची उदाहरणे बनवा. गाड्या गावातून निघण्याआधी चौथी-पाचवीच्या प्रत्येक मुलाला आपल्या घरचा हिशेब मांडता आला पाहिजे.