खोकल्याचे औषध आणि नीतिशास्त्र

खोकला हा आपल्याकडे आजार नव्हेच. तो एक ऋतू आहे. आमच्या वाशीत तर पाऊस ओसरला की घरोघर खोकला सुरू होतो आणि जो तो शेजाऱ्याला औषध सुचवतो. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडांत मिळून सात डॉक्टर आहेत. पैकी एकानेही वैद्यकीय कॉलेज बाहेरूनसुद्धा पाहिलेले नाही.

खेळाडूंनी मात्र या धर्मार्थ सेवेपासून चार हात लांब राहावे. २०१९ साली आपल्या पृथ्वी शॉला क्रिकेट मंडळाने आठ महिने बाहेर बसवले. गुन्हा काय, तर खोकल्याच्या औषधातून टर्ब्युटलीन हे बंदी असलेले द्रव्य पोटात गेले. गंमत अशी, की ते त्याने खोकल्यासाठीच घेतले, धावा वाढवायला नव्हे, हे मंडळाला पटले होते. थोडक्यात, 'तुझे खरे आहे बाबा, आता शिक्षा भोग!'

आता तुम्ही म्हणाल, हा कुठला न्याय?

पूर्वी ही कटकट नव्हती. १९०४च्या ऑलिंपिकमध्ये टॉमस हिक्सला मॅरेथॉन धावताना त्याच्याच माणसांनी ब्रँडी, अंडे आणि स्ट्रिक्नीन, म्हणजे चक्क कुचल्यातले विष, पाजले. गडी सुवर्णपदक घेऊन गेला! १९६८ साली ऑलिंपिकमध्ये तपासणी सुरू झाली आणि मेक्सिकोत पहिला सापडला तो स्वीडनचा लिल्येनवाल. नेमबाजीपूर्वी मन शांत व्हावे म्हणून दोन बिअर घेतल्या, एवढेच त्याचे म्हणणे. अख्ख्या संघाचे ब्राँझ गेले. पुढे नियम पक्का झाला : अंगात जे सापडेल त्याचा धनी खेळाडू. २०१६ साली तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव म्हणाला, माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळले. ते आपल्या 'नाडा'ला पटले; क्रीडा लवादाला पटले नाही. रिओत पोचलेला पैलवान चार वर्षांची बंदी घेऊन परतला.

बँकेत हा नियम आम्हांला नवा नाही. संध्याकाळी कॅश कमी भरली की कॅशियरने खिशातून भरायची. नोटा चिकटल्या की गिऱ्हाईक जास्त घेऊन गेले, कोण विचारतो? निष्ठुर आहे खरे. पण 'हेतू शुद्ध होता' म्हटल्यावर सुटका होऊ लागली, तर रोज संध्याकाळी सगळ्यांचे हेतू शुद्ध आणि तिजोरी रिकामी! शिवाय काहीही न घेता दुसऱ्या नंबरावर आलेल्या बिचाऱ्याने कुणाकडे दाद मागायची?

फक्त एक फरक आहे. पैसे भरणाऱ्या कॅशियरला आम्ही चोर म्हणत नाही. त्याला चहा पाजतो. शिक्षा नियमाने द्यावी, शिव्या मात्र हेतू पाहून द्याव्यात. ही दोन लेजरे वेगळी. ती एकत्र केली, की खोकणारा शॉ आणि १९८८ साली स्टेरॉइड घेऊन धावलेला बेन जॉन्सन एकाच पानावर येतात, आणि मग आपला ताळेबंद जन्मात जुळत नाही.